माळावरचे लाल चौकोन

मी पोटापाण्यासाठी काय करते, हे दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावून सांगण्यात माझी कैक वर्षं गेली. आधी सांगितलं, नकाशे करते. ते म्हणाले, "तलाठ्याकडं हायेत की." मग सांगितलं, उपग्रहाने काढलेले फोटो बघते. त्यावर त्यांनी आभाळाकडं बघून विचारलं, "तिथनं आपली गाय दिसती का?" दिसत नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला. शेवटी एका रविवारी गोठ्यात शेण भरता भरता मी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. एखाद्या नदीला जिथून जिथून पाणी येतं तेवढा सगळा मुलूख घ्यायचा. त्याचे लहान लहान चौकोन पाडायचे. वीस वर्षांपूर्वी कुठल्या चौकोनात शेत होतं, कुठल्यात झाडी, कुठल्यात घरं, ते बघायचं. आज काय आहे ते बघायचं. आणि त्यावरून अजून वीस वर्षांनी कुठं काय असेल, ते कॉम्प्युटरकडून वदवून घ्यायचं.

दादांनी पाटी खाली ठेवली. "म्हंजी ज्योतिष."

"ज्योतिष नाही दादा, मॉडेल."

"बरं, मॉडेल. माळावर पाणी कधी मुरंल, ते सांगतंय का ते?"

दादांचं कुठलंही बोलणं फिरून माळावर यायचं. आमचं गाव महाळुंगे पडवळच्या शेजारचं. गावाच्या डोक्यावर हा माळ आहे. वर गायरान, आणि त्याखाली आमच्यासारख्या दहा-पंधरा घरांच्या वाट्याला आलेले मुरमाड तुकडे. पावसाळ्यात माळावर पडलेलं पाणी थांबायला म्हणून मागत नाही. धावत खाली येतं, ओढ्यात शिरतं आणि घोड नदीला जाऊन मिळतं. माळाच्या पायथ्याशी आमचं शेत, आणि शेताच्या वरच्या अंगाला विहीर. ही विहीर दिवाळीला अर्धी भरलेली असायची आणि चैत्र लागला की बादली खडकावर वाजायची. कालवा आमच्या खालच्या अंगाने जातो, त्याचा आम्हाला उपयोग नाही. दोन महिने आई हंडे घेऊन गावातल्या नळावर जायची.

दादांना यावरचा उपाय ठाऊक होता. एका गावाने डोंगरउतारावर आडवे चर खणून पाणी जिरवलं होतं, ते दादा जाऊन बघून आले होते. तेव्हापासून प्रत्येक ग्रामसभेत ते उभे राहायचे आणि माळावर चर मारा म्हणायचे. ते उभे राहिले की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "उठला माळ." दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि बोलणं पुरं करूनच बसायचे. हा हट्टी स्वभाव माझ्यात जसाच्या तसा उतरला आहे, असं आई म्हणते. म्हणताना तिच्या आवाजात कौतुक नसतं.

मी पुण्याला एका भाड्याच्या खोलीत राहायची. लग्न केलं नाही, आणि त्यावर घरात जे काय बोलायचं ते सगळ्यांचं बोलून झालेलं होतं. शनिवारी दुपारी मंचरला एसटीतून उतरायचं, तिथून जीपने गावात यायचं आणि रविवारी संध्याकाळी परतायचं. भाऊ चाकणला कंपनीत कामाला. घरातली आतली खोली त्याची आणि वहिनीची. माझी पिशवी पुढच्या पडवीतल्या खुंटीला असायची. गावातल्या बायका मला बघितलं की आईला म्हणायच्या, "पावणी आली वाटतं." मला ते कधी लागलं नाही. निदान लागतं असं मी मान्य केलं नव्हतं.

मग एका वर्षी दोन गोष्टी एकदम जुळून आल्या. पाणलोटाच्या कामात आमचं गाव आलं, म्हणजे चर, बांध, झाडं, सगळं होणार असं ठरलं. आणि घोड नदीच्या या भागात पुढच्या वीस वर्षांत वस्ती कुठं कुठं वाढेल याचा नकाशा करण्याचं काम आमच्या पुण्याच्या ऑफिसकडं आलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध होता. तालुक्याच्या पाणलोट अधिकाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. जिथं उद्या घरं आणि रस्ते होणार, तिथं आज चर खणून काय उपयोग? बुजवायलाच लागतील. तेव्हा आधी नकाशा बघू, मग कुदळ मारू.

आमच्या ऑफिसच्या मॅडमनी विचारलं, "हा भाग कुणाला माहीत आहे?" मी हात वर केला. इतक्या जोरात केला, की शेजारच्याचा चहा सांडला.

काम पावसाळ्यात सुरू झालं. पावसाळ्यातल्या फोटोंत ढगच असतात, म्हणून मी एप्रिल-मे महिन्यांतले फोटो निवडले, एक जुन्या वर्षीचा आणि एक नव्या वर्षीचा. आता कॉम्प्युटरला शिकवायचं असतं, की बाबा, असा रंग दिसला तर शेत समज, असा दिसला तर पाणी, आणि असा चकाकता पांढुरका दिसला तर छप्पर, म्हणजे वस्ती. त्यासाठी खऱ्या जागेवर जाऊन नमुने घ्यावे लागतात. मी मंचरला गेले. हायवेच्या दोन्ही अंगांना पत्र्याची दुकानं, गॅरेजं, गोडाऊनं, पलीकडं नव्या सोसायट्या. कांद्या-बटाट्याच्या ट्रकमधून वाट काढत, धूळ खात मी दोन दिवस एकेका छपराची जागा फोनवर टिपून घेतली. तिथे पत्रा म्हणजे माणसांचा राबता, यात काही शंकाच नव्हती. आमच्या गावात मी नमुने घेतले नाहीत. आपलंच गाव, त्यात बघायचं काय?

मॉडेल चाललं. तपासणी केली, तीही मंचरच्याच टिपलेल्या जागांवर, आणि उत्तर इतकं बरोबर आलं की मी ऑफिसात सगळ्यांना वडापाव दिला. नकाशात उद्याची वस्ती लाल रंगात दाखवली होती. मंचर लाल, हायवे लाल, आणि आमच्या गावाच्या डोक्यावरचा तो माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल.

मला वाईट वाटलं का? खरं सांगते, पहिल्यांदा नाही वाटलं. पहिल्यांदा वाटलं, बघा, कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं आपल्या मॉडेलने शोधून काढलं! जुन्या फोटोत माळावर एकही छप्पर नाही. नव्या फोटोत वाटेच्या कडेने एकवीस. वीस वर्षांत शून्याचे एकवीस झाले, तर पुढच्या वीस वर्षांत काय होईल हे सांगायला ज्योतिषी कशाला पाहिजे? पुण्यात काम करणारी पोरं गावाकडं बंगले बांधतात, हे मी ऐकून होते. तेच असणार असं धरून चालले. माळावर आमच्या तुकड्यापलीकडं मी कैक वर्षांत गेले नव्हते. नकाशा अधिकाऱ्यांकडं गेला, आणि एक मेच्या ग्रामसभेत त्यावर बोलायचं ठरलं.

ग्रामसभेच्या आठ दिवस आधी मी आठवड्याची रजा काढून गावी गेले. कांदा काढून झाला होता आणि बराखीत भरायचं काम चाललं होतं. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबट, अरुंद खोली. खाली दगड लावून जमिनीपासून उचललेली, दोन्ही बाजूंना भिंतींऐवजी जाळी, वर पत्रा. कांद्याला आरपार वारा लागतो, नाहीतर तो सडतो. आमची बराख माळावरच्या तुकड्यात आहे. सगळं घर तिथं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर बराखीच्या सावलीत, कांद्याच्या ढिगावर मी नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार कांदे ठेवले.

दादांना मी बोटाने दाखवलं. ही नदी, हा ओढा, हे आपलं गाव, ही विहीर. त्यांना विहीर सापडल्याचा केवढा आनंद झाला! मग त्यांचं बोट वर सरकलं.

"आन् ह्ये लाल?"

"ती वीस वर्षांनंतरची घरं."

"माळावर?"

"हो."

"मंग चर?"

मी म्हटलं, लाल जागेत चर धरणार नाहीत. खाली ओढ्यावर एखादा बांध घेतील. दादांनी नकाशावरून बोट उचललं. "माळावर माणूस ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "माळावर वारं ऱ्हातं."

"तुम्हाला आवडत नाही म्हणून मॉडेल बदलत नसतं, दादा."

हे वाक्य मी चढ्या आवाजात बोलले. आई कांदा निवडता निवडता थांबली. दादा उठले, धोतराचा सोगा झटकला आणि गाईला पाणी दाखवायला म्हणून खाली गेले. गाईला पाणी नुकतंच दाखवून झालं होतं. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला काही सांगायचं असलं तर आईला सांगायचे, आणि मी तिथंच समोर बसलेली असायची. "तिला म्हणावं, भाकरी खा." आई म्हणायची, "दादा म्हणतात, भाकरी खा." मीही आईलाच सांगायची, "खाल्ली म्हणावं."

त्या दिवसांत आमच्या खालच्या शेतात मेंढरं बसली होती. कांदा निघाला की रान मोकळं होतं. मग धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट बिऱ्हाड, चार-आठ दिवस रानात बसवायचा, म्हणजे लेंड्यांनी रान तयार होतं, आणि त्यांना धान्य द्यायचं, अशी जुनी रीत आहे. आमच्याकडं येणारे धनगरबाबा मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून येतात. आता त्यांची पोरं शेती करतात, एक जण पोल्ट्रीवर आहे, पण बाबा मेंढरं सोडत नाहीत. संध्याकाळी ते चहाला आले, आणि घरातली ही मुकी लढाई त्यांच्या ध्यानात आली.

"काय झालंय भाऊ? लेक आलीय आन् घर गप?"

दादांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "इचारा तिला. माळावर गाव वसवलंय तिनं."

मी नकाशा आणला. मला वाटलं होतं, बाबांना यातलं काय कळणार. बाबांनी कागद फिरवून उगवतीकडं तोंड करून धरला आणि पहिल्या झटक्यात त्यावर स्वतःची वाट काढली. इथून ओढा उतरायचा, इथं बाभळ, इथं मेंढरं दुपारची बसतात. मी आतापर्यंत ज्यांना नकाशा दाखवला होता, साहेब लोक धरून, त्यांतल्या कुणालाच तो एवढ्या लवकर वाचता आला नव्हता. मग त्यांनी काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. लाल रंग उद्याचा होता, पण त्यात आजची एकवीस छपरं काळ्या ठिपक्यांनी दाखवलेली होती.

"ह्ये काय?"

"आज तिथं असलेली घरं."

"आज हायेत?"

"हो, फोटोत दिसतात."

बाबांनी डोकं हलवलं. "न्हाई ताई. मी सकाळच्यालाच तिथनं आलो. घर असतं तर कुत्रं असतं. मेंढरू बघितलं की कुत्रं गप बसत न्हाई. गावाच्या येशीपासनं मला कुत्री मोजीत यावी लागत्यात, काठी हातात धरून. माळावर मी काठी खांद्यावर टाकून चालतो. तिथं एक कुत्रं भुकलं न्हाई आजवर."

मी म्हणाले, "बाबा, नवी घरं असतील."

"मंग नवी कुत्री असतील की!"

दादा दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. मला मात्र हसू आलं नाही. त्या माणसाचं म्हणणं माझ्या तपासणीपेक्षा जास्त पटणारं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन घेऊन बाबांबरोबर माळावर गेले. दादाही मागून आले, हातात उगाच विळा घेऊन. पहिला ठिपका. बराख. दुसरा ठिपका, बराख. तिसऱ्याला मी फोन झटकला, बंद करून पुन्हा चालू केला. तिसराही बराखच. वर कोरा पत्रा, उन्हात डोळे दिपवणारा. सहाव्या ठिपक्यापाशी मी जाऊन उभी राहिले, तर समोर माझी आई बसून कांदा निवडत होती.

आमची बराख! तीन दिवसांपूर्वी मी तिच्याच सावलीत बसून, तिच्यातल्याच कांद्यांनी नकाशा दाबून धरून, इथे माणसं राहतात असं दादांना ठणकावून सांगितलं होतं.

मी तिथंच मातीत बसले. मग सगळं उलगडत गेलं. मी लहान असताना बराखी होत्याच, पण त्यांच्यावर उसाच्या पाचटाचं छप्पर असायचं. वरून बघणाऱ्याला ते वाळल्या माळासारखंच दिसणार. पुढं हळूहळू सगळ्यांनी पत्रा टाकला. म्हणून जुन्या फोटोत काही नाही आणि नव्यात एकवीस छपरं. आणि बराखी माळावर का? तर दादा म्हणाले तेच. तिथं वारं राहतं. मॉडेलने बिचाऱ्याने मी शिकवलं तेच प्रामाणिकपणे केलं होतं. चूक माझी होती. उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी बराखीत काढल्या, तिच्या फटींतून हात घालून मोड आलेले कांदे ओढले, तिच्या वासाने माझे फ्रॉक भरलेले असायचे. पण बराख मी वरून कधी बघितली नव्हती. वरून ती मला ओळखू आली नाही.

"काय गं?" आईने विचारलं.

"काही नाही. आपलं घर सापडलं," मी म्हणाले, आणि मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्याचं म्हणून खपून गेलं.

मनात एक वाईट विचार येऊन गेला, तोही सांगून टाकते. नकाशा आधीच गेलेला आहे. वीस वर्षांनी कोण बघायला येणार? तोवर मी निवृत्तीच्या वाटेवर असेन. ग्रामसभेत उठून "चुकले" म्हणणं माझ्या जिवावर आलं होतं. पण दादा तिथं विळा घेऊन उभे होते, आणि एक शब्द बोलत नव्हते. ते काही बोलले असते, तर मी कदाचित भांडले असते.

मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "नमुने कुठले घेतले होतेस?" "मंचरचे." "आणि तू कुठली?" "इथलीच." मग त्या हसल्या. म्हणाल्या, "दुरुस्त कर. आणि चूक गावासमोर तूच सांग, मी येणार नाही."

मी पडवीत बसून तीन दिवस काम केलं. कॉम्प्युटरला नवा धडा शिकवला, की असं एकटं, लांबट, कुंपण नसलेलं, शेजारी झाड नसलेलं छप्पर दिसलं तर ती बराख समज, घर नाही. डिंगोऱ्याला आईचं माहेर आहे. मामाला फोन करून तिथल्याही बराखींच्या जागा मागवल्या. मामाने आधी विचारलं, "अनुदान हाय का?" मॉडेल पुन्हा चालवलं. हायवेची लाली तशीच राहिली, मंचर तसंच राहिलं, पण माळावरचा लाल रंग गेला. सगळा माळ पुन्हा पिवळसर झाला.

फक्त एक चौकोन राहिला. तोही माळावर नव्हता. माळाखाली, आमच्याच शेताच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात, विहिरीला लागून. मी फोटो मोठा करून बघितला. तिथं बराख नाही, गोठा नाही, नुसतं सपाट रान. पण रस्ता जवळ, विजेचा खांब जवळ, चढ नाही, म्हणून मॉडेलने तिथं एक घर धरलं होतं. माझी चिडचिड झाली. मी दादांना म्हटलं, "ही एक घाण राहिलीय. हा चौकोनही काढते."

दादा आता बोलत होते. त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं, विहिरीपासून बोटाने अंतर मोजलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "एखादी चूक ऱ्हाऊ दे. समदंच बरोबर आलं, तर लोक म्हणतील बापानं करून घेतलं." मलाही घाई होती. राहू दिला.

एक मेला ग्रामसभा भरली. मी उभी राहिले आणि जे घडलं ते सांगितलं. शेवटी म्हटलं, "थोडक्यात, मी कांद्याला माणसं समजले." देवळाचा सभामंडप हसण्याने भरून गेला. एक जण ओरडला, "मग मतदार यादीत नावं घाला की त्यांची!" दुसरा म्हणाला, "आमच्या बराखीचं रेशनकार्ड काढा राव." मी खाली मान घालून हसत होते. मग मागून एक जण उठला, आणि त्याच्या बोलण्यात गंमत नव्हती. "बापाच्या हिरीसाठी पोरीनं नकाशा बदलला. आमी काय दूधखुळे हाय का?"

आकडे सांगून या संशयाचं काहीच होणार नव्हतं. तेव्हा सरपंचबाई उठल्या आणि पदर खोचून म्हणाल्या, "माळ काय पळून गेलाय का? चला, जाऊन बघू. घर दिसलं तर जुना नकाशा खरा."

आणि अर्धी ग्रामसभा चालत माळावर गेली. सभेला आलेले पाणलोटाचे साहेब बुटांनी ठेचकाळत चालले होते. वर वारा इतका, की त्यांच्या हातातली फाईल उघडली आणि दोन कागद उडून गायरानात गेले. एकवीस बराखी फिरायची गरजच पडली नाही. चौथ्या बराखीपाशी साहेब थांबले, जाळीला नाक लावून त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, "बरं. इथं राहणारी मंडळी चरांना हरकत घेतील असं वाटत नाही." तो संशय घेणारा माणूस सगळ्यांत मोठ्याने हसला, कारण ती बराख त्याचीच होती. चर मंजूर झाले. बाबांची मेंढरं पलीकडच्या उतारावर चरत होती. दादांनी त्यांना हाक मारून सांगितलं, "कुत्र्यांनी काम केलं बघा!"

त्या उन्हाळ्यातच चर खणले गेले. एक पावसाळा गेला. दिवाळीला विहीर भरली, त्यात नवल नव्हतं. मकरसंक्रांतीला पाणी होतं. शिमग्याला होतं. दादा रोज सकाळी विहिरीत डोकावायचे आणि कुणालाच काही सांगायचे नाहीत, दृष्ट लागेल म्हणून. चैत्र लागला, आणि आईचा हंडा नळावर गेला नाही. दर शनिवारी मी आले की आधी विहिरीवर जायची. खालून तिसऱ्या पायरीवर पाणी होतं, हिरवट, गार. त्यात माझं तोंड दिसायचं आणि मला उगाचच खूप बरं वाटायचं. नोकरीत मला पुढं बरंच काही मिळालं, पण त्या तिसऱ्या पायरीने जेवढा आनंद दिला तेवढा दुसऱ्या कशाने दिला नाही.

अक्षय्यतृतीयेला मी आले, तर दादा विहिरीपाशी नव्हते. रस्त्याकडच्या कोपऱ्यात होते. चार खुंट्या ठोकून, सुतळी ताणून, तिच्या कडेने वाकून पांढरी फक्की टाकत होते. शेजारी माझा नकाशा, दगडाखाली. घड्यांवर फाटलेला, पण जपून ठेवलेला.

"हे काय दादा?"

"तुझं मॉडेल काय म्हनतंय, बघ की." त्यांनी नकाशा उचलून त्या एकट्या लाल चौकोनावर बोट ठेवलं. "घर म्हनतंय ना?"

"अहो, ती चूक होती. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"चूक न्हाई. बरोबर जागा धरली त्यानं. मी धा वर्सं मनात धरून हाय." ते फक्कीचे हात झटकत उभे राहिले. "दोन खोल्या आन् पडवी. तुज्या नावावर. भावाला इचारलंय, तो व्हय म्हनला."

मी भांडणाच्या सुरात विचारलं, "दहा वर्षं मनात होतं, तर आधी का नाही बोललात?"

दादांनी विहिरीकडं बघितलं. "हिरीला चैत्रात पाणी नव्हतं. लेकीला ऱ्हायला ये म्हनायचं आन् हंडा घिऊन नळावर लावायचं व्हय?"

एवढं बोलून ते पुन्हा वाकले आणि राहिलेली रेघ टाकायला लागले. इतकी वर्षं प्रत्येक ग्रामसभेत उभा राहणारा तो माळ माझ्यासाठी उभा राहत होता, हे मला माझं घोटीव मॉडेल असूनही कळलं नव्हतं. मी खांद्यावरची पिशवी काढली. ठेवायला तिथं खुंटी नव्हती, भिंतच नव्हती. मग फक्कीच्या रेघेच्या आत, जमिनीवर ठेवली, आणि सुतळीचं दुसरं टोक धरायला गेले.

रस्त्याने जाणारी एक शेजारीण थांबली. तिने दादांना विचारलं, "पावणी कधी आली?"

"पावणी कुठली?" दादा वर न बघता म्हणाले. "घरमालकीन हाय ती."